टॅलीचा डेटा एआयला देताना: आधी ताळा, मग प्रश्न

मागच्या पावसाळ्याच्या तोंडाला शेठ म्हणाले, उधारीची यादी काढ, कोणाला आधी फोन करायचा ते सांग. मी टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधून रिपोर्ट काढला, एक्सेल फाईल एआयला दिली, "याचं ॲनालिसिस करून दे" एवढंच लिहिलं आणि दोन मिनिटांत अशी झकास यादी आली की मी स्वतःवरच खूश. पहिल्या दहा पार्ट्या, टक्केवारी, वर फोनवर काय बोलायचं तेसुद्धा. शेठनी पहिल्या नंबरच्या कॉन्ट्रॅक्टरला फोन लावला, तर तो म्हणतो, "१ लाख ९० हजार आठवड्यापूर्वी टाकलेत की, बँकेत बघा." टाकले होतेच. शेठनी फोन ठेवला आणि माझ्याकडे नुसतं बघितलं.

चूक एआयची नव्हती. पावती करताना मी ती कुठल्या बिलापोटी आहे ते न सांगता 'ऑन अकाउंट' टाकून दिली होती, त्यामुळे बिलं उघडीच राहिली आणि रिपोर्टात ती येणं म्हणून दिसली. एआयने जे समोर होतं ते बरोबर वाचलं. समोर जे होतं तेच अर्धवट होतं, आणि हे त्याला कळायला काही मार्ग नव्हता कारण मी त्याला ताळा घ्यायला, म्हणजे बेरीज दुसऱ्या आकड्याशी जुळवून बघायला, काहीच दिलं नव्हतं.

तेव्हापासून मी ज्या पद्धतीने करते ती इथे सगळी लिहितेय. मी सांगलीत तीन दुकानांचे हिशोब बघते, त्यातलं हे एक, हार्डवेअर-पेंट-पाईपचं होलसेल. सॉफ्टवेअर टॅली प्राईम. एआय म्हणून चॅटजीपीटी, क्लॉड, जेमिनाय काहीही चालेल, फक्त त्याला एक्सेल फाईल जोडता आली पाहिजे आणि त्याला कोड चालवून गणित करता आलं पाहिजे. झोहो, ओडू किंवा मुंबईच्या फ्रॅपेचं ईआरपीनेक्स्ट वापरत असाल तर बटणं वेगळी असतील, प्रश्न तेच राहतात.

फाईल बाहेर द्यायच्या आधी

हा भाग सगळे सोडून देतात म्हणून आधी. दुकानाचा डेटा तुमचा नाही, शेठचा आहे, त्यांना विचारा. मग पार्टीची नावं काढून कोड टाका, पी-०१, पी-०२ असे, आणि कोणता कोड कोणाचा ती यादी वेगळ्या फाईलमध्ये आपल्याच कॉम्प्युटरवर ठेवा. मोबाईल नंबर, पत्ता, बँक खातं हे कॉलम सरळ उडवा. जीएसटी नंबरही उडवा. लोकांना वाटतं तो तर बिलावर छापलेलाच असतो, पण त्यातले पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राला २७, गोव्याला ३०, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या माणसाचा अख्खा पॅन असतो. पगाराची फाईल तर देऊच नका. आणि एआयच्या सेटिंगमध्ये आपल्या गप्पा ट्रेनिंगसाठी वापरायचा पर्याय असतो तो शोधून बंद करा, पाच मिनिटांचं काम आहे.

कोड टाकायला कंटाळा येतो हे मला मान्य आहे, एक्सेलमध्ये एकदा व्हीलुकअप (नावावरून कोड आपोआप आणणारा फॉर्म्युला) लावून ठेवा, दर महिन्याला परत करावं लागत नाही.

एक्स्पोर्ट, आणि त्यातले खड्डे

उधारीसाठी रस्ता असा: गेटवे ऑफ टॅली, डिस्प्ले मोअर रिपोर्ट्स, स्टेटमेंट्स ऑफ अकाउंट्स, आउटस्टँडिंग्ज, रिसिव्हेबल्स. इथे तारीख, बिल नंबर, पार्टी, बाकी रक्कम, ड्यू तारीख आणि किती दिवस उलटले असे कॉलम येतात. ऑल्ट आणि ई दाबून करंट रिपोर्ट एक्सेलमध्ये काढा. सोबत ट्रायल बॅलन्समधून (सगळ्या खात्यांच्या बाकीचा रिपोर्ट) संड्री डेटर्सचा, म्हणजे सगळ्या गिऱ्हाइकांकडून येण्याचा, आकडा एका कागदावर लिहून घ्या. कागदावरच लिहा, तो नंतर लागणार आहे.

आता खड्डे. पहिला आणि सगळ्यात वाईट म्हणजे डेबिट-क्रेडिटचा. टॅलीतून आलेल्या एक्सेलमध्ये रकमेपुढे डेबिट किंवा क्रेडिटचं चिन्ह दिसतं ना, त्या सेलवर क्लिक करून वर फॉर्म्युल्याच्या पट्टीत बघा, तिथे नुसता आकडा असतो, चिन्ह नसतं. ते चिन्ह म्हणजे सेलचं फॉरमॅट, वरून घातलेला सदरा. एआयने फाईल उघडली की त्याला बऱ्याचदा नुसता आकडा दिसतो, म्हणजे ज्या पार्टीने ५० हजार ॲडव्हान्स दिलाय तीही त्याला ५० हजार येणं वाटते, आणि वजा व्हायचे ते मिळवले गेल्यामुळे बेरीज सरळ १ लाखाने चुकते. उपाय दोन. एक तर शेजारी कॉलम करून हाताने उणे चिन्ह द्या, ओळी कमी असतील तर हेच बरं. नाहीतर प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे एआयला लिहितो त्या सूचनेत, स्पष्ट सांगा की सेलचं नंबर फॉरमॅट वाच, त्यात क्रेडिट असेल तर रक्कम उणे धर. कोड चालवणारे एआय हे करू शकतात, पण सांगितल्याशिवाय करतीलच असं नाही.

दुसरा खड्डा तारखेचा, ०५-०४-२०२५ म्हणजे आपल्याला ५ एप्रिल, त्याला कधीकधी ४ मे. तिसरा खड्डा ड्यू तारखेचा, आणि हा आपल्या मास्टरमधला, म्हणजे पार्टीची माहिती एकदाच भरून ठेवतो तिथला, घोळ असतो. पार्टीच्या लेजरमध्ये (खात्यात) क्रेडिट पीरियड, म्हणजे उधारीचे दिवस, भरलेलाच नसेल आणि बिल करतानाही टाकला नसेल तर टॅली बिलाची तारीख हीच ड्यू तारीख धरतं, मग शेठ तोंडी सगळ्यांना ३० दिवस देत असले तरी रिपोर्टात कालचं बिलसुद्धा उलटलेलं. आमच्याकडे निम्म्याच्या वर पार्ट्यांचे रिकामे होते, एक रविवार बसून भरले.

वरच्या कंपनीच्या नावाच्या ओळी आणि खालची ग्रँड टोटल काढून टाका. टोटल ठेवली तर ती पण एक पार्टी समजून धरली जाते, मग दुप्पट येणं. हसू नका, झालंय.

पहिला प्रॉम्प्ट: फक्त ताळा

इथे लोक "तू जगातला सर्वात हुशार सीए आहेस" वगैरे लिहितात. त्याने काही होत नाही, त्याला हुशारी कमी पडत नसते, आपल्या दुकानाची माहिती कमी पडते. माझा पहिला प्रॉम्प्ट असा असतो आणि यात ॲनालिसिसचा शब्दही नसतो:

"सोबत हार्डवेअर होलसेल दुकानाची येण्याची फाईल आहे, टॅलीतून काढलेली. तारखा दिवस-महिना-वर्ष अशा आहेत. आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. रकमा रुपयात, उत्तर लाख-हजारात दे, मिलियन नको. क्रेडिट फॉरमॅटच्या रकमा उणे धर. आत्ता कुठलंही विश्लेषण करू नको. फक्त कोड चालवून सांग: एकूण ओळी किती, वेगळ्या पार्ट्या किती, सगळ्यात जुनी आणि सगळ्यात नवी तारीख कोणती, एकूण बेरीज किती, उणे रकमा किती आणि त्यांची बेरीज किती, रिकामे किंवा न कळलेले सेल कोणते. काही अंदाज केला असशील तर तो लिही."

उत्तर आलं की कागदावरचा आकडा बाजूला धरायचा. मागच्या वेळी ती फोनची फजिती झाली त्या फाईलवर हा प्रॉम्प्ट मी नंतर चालवून बघितला. रिपोर्टाची बेरीज २१,०७,१५० आली आणि ट्रायल बॅलन्सला संड्री डेटर्स १८,४२,६५०. फरक २,६४,५००. बघा, त्या कॉन्ट्रॅक्टरचे १,९०,००० त्यातच होते आणि उरलेले ७४,५०० आणखी दोघांचे, तेही ऑन अकाउंट पडलेले. हा फरक आधी काढला असता तर तो फोन झालाच नसता. पावत्या उघडून बिलांना जोडल्या, परत एक्स्पोर्ट केलं, दोन्ही आकडे जुळले, मग पुढे.

ताळा जुळत नाही तोपर्यंत दुसरा प्रश्न विचारायचा नाही. फरक ५०० रुपयांचा असला तरी नाही, कारण ५०० चा फरक म्हणजे कधीकधी ५०,५०० चं येणं आणि ५०,००० चं देणं असतं.

उधारीचे प्रश्न

आता खरं काम. "कोण थकलंय" असा प्रश्न ढोबळ आहे, त्याला ढोबळच उत्तर येतं. मी असं विचारते:

"प्रत्येक पार्टीसाठी ड्यू तारखेपासून ०-३०, ३१-६०, ६१-९० आणि ९० च्या पुढे असे गट कर. मग दोन वेगळ्या याद्या दे. पहिली: ज्यांची ९० दिवसांवरची रक्कम सगळ्यात मोठी. दुसरी: ज्यांची जुनी बिलं उघडी आहेत पण नवीन बिलंही होतायत. दुसऱ्या यादीत जुन्या सगळ्यात लांबलेल्या बिलाचा नंबर आणि शेवटच्या नवीन बिलाचा नंबर लिही."

दुसरी यादी जास्त कामाची. जो जुनं न देता नवीन माल नेतोय तो तुमच्याच पैशावर धंदा करतोय, आणि त्याची एकूण बाकी फार मोठी नसते म्हणून पहिल्या दहात तो दिसतच नाही. बिल नंबर यासाठी मागायचा की तो आपल्याला टॅलीत उघडून बघता येतो. नंबर नसलेलं उत्तर म्हणजे हवेतलं उत्तर.

त्यापुढे पावत्यांचं रजिस्टर पण दिलंत तर आणखी एक प्रश्न विचारता येतो: "मागच्या १२ महिन्यांत प्रत्येक पार्टीने बिलापासून सरासरी किती दिवसांनी पैसे दिले, आणि शेवटच्या तीन महिन्यांत ते दिवस वाढले का?" एखादा माणूस कायमच ७० दिवसांनी देतो, त्याची काळजी नाही, तो देतो. जो ३० ला द्यायचा तो ५५ वर गेला तिथे फोन करा.

उत्तर कितीही बरोबर वाटलं तरी तीन पार्ट्या हाताने तपासा, एक मोठी, एक लहान, आणि एक जिच्या खात्यात क्रेडिट नोट (वापसी किंवा सवलतीची वजावट) आहे. क्रेडिट नोटवालीत घोळ निघायची शक्यता जास्त, मालाची वापसी कुठल्या बिलापोटी तेच आपण टाकलेलं नसतं.

विक्रीची तुलना: कॅलेंडर त्याला माहीत नाही असं धरून चला

"मागच्या वर्षीपेक्षा ऑक्टोबर कसा गेला?" हा प्रश्न सगळे शेठ विचारतात आणि हा प्रश्नच फसवा आहे. लक्ष्मीपूजन २०२३ ला १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ ला १ नोव्हेंबरला, २०२५ ला २१ ऑक्टोबरला, आणि २०२६ ला ८ नोव्हेंबरला आहे. रंगाचा धंदा दिवाळीआधीच्या महिनाभरात. म्हणजे २०२३ चा आणि २०२४ चा ऑक्टोबर शेजारी ठेवला तर धंदा वाढल्यासारखा दिसणारच, वाढ दिवाळीच्या सरकण्याची. एआयला हे फाईलमधून दिसत नाही आणि तो बिचारा "ऑक्टोबरमध्ये लक्षणीय वाढ" लिहून मोकळा होतो. तारखा आपण द्यायच्या:

"महिन्याप्रमाणे तुलना करू नको. प्रत्येक वर्षी लक्ष्मीपूजनाच्या आधीचे ३० दिवस धर, तारखा मी खाली देतेय. त्या खिडकीतली विक्री ग्रुपप्रमाणे दे, रक्कम आणि नग दोन्ही."

२०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. आमच्याकडे अधिक महिन्यात वास्तुशांती कोणी करत नाही, त्याचा फटका फिटिंगच्या मालाला बसतो. हेही लिहून द्या.

आणि जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंट २८ टक्क्यांवरून १८ वर आलं. १०० रुपयांच्या मूळ भावावर बिल १२८ चं व्हायचं ते ११८ चं झालं, म्हणजे तेवढ्याच गोण्या, तोच भाव, तरी बिलांची बेरीज पावणेआठ टक्क्यांनी खाली. बिलाची एकूण रक्कम दिलीत तर एआय सांगणार सिमेंट पडलं. म्हणून सेल्स रजिस्टर कॉलम्नर, म्हणजे मूळ रक्कम आणि जीएसटी वेगळ्या कॉलमात असं, काढा आणि टॅक्सेबल (जीएसटीच्या आधीच्या) रकमेचा कॉलमच द्या, जीएसटीचे कॉलम काढून टाका.

स्टॉक आणि मार्जिन

स्टॉक समरी काढली की आधी विचारा उणे स्टॉक कुठल्या आयटमचा आहे. खरेदीची एंट्री मागे पडली आणि विक्री आधी झाली की स्टॉक उणे जातो, मग त्या आयटमचं मार्जिन कायच्या काय येतं. उणे आयटम बाजूला काढून बाकीच्यांचं ॲनालिसिस करायला सांगा.

युनिट बघा. आमच्याकडे पाईप येतो लांबीत, २० फुटी, आणि काउंटरवर पोरगं कधी लांबी टाकतं कधी फूट. एआयला एका बिलात ४० नग दिसले म्हणजे त्या दोन लांब्या होत्या की चाळीस हे त्याला काय कळणार. "ज्या आयटमचा विक्रीचा दर स्वतःच्याच सरासरीच्या निम्म्याहून कमी किंवा दुपटीहून जास्त आहे त्या ओळी बिल नंबरसह दे" असा प्रॉम्प्ट टाका, युनिटच्या चुका भराभर वर येतात. दरातल्या चुका पण येतात, त्या शेठला दाखवायच्या की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

पडून राहिलेल्या मालासाठी साधा प्रश्न पुरतो: १८० दिवसांत एकही विक्री नाही अशा आयटमची यादी, रकमेप्रमाणे उतरत्या क्रमाने. आमच्या यादीत वर कंपनीने बंद केलेल्या एका रंगछटेचे डबे निघाले.

मार्जिनचं मात्र जपून. पेंटमध्ये कंपनीची स्कीम, टर्नओव्हर डिस्काउंट, कॅश डिस्काउंट हे सगळं नंतर क्रेडिट नोटने येतं आणि ते आयटमच्या खरेदी भावात बसत नाही. टॅलीतून आयटमचा नफा काढून दिलात तर एआय सांगेल पेंटमध्ये काही सुटत नाही, पेंट बंद करा. शेठना हे वाचून दाखवलं तर ते हसले, दुकान पेंटवर चाललंय. स्कीमच्या क्रेडिट नोटांची बेरीज ग्रुपप्रमाणे वेगळी द्या आणि "ही रक्कम त्या ग्रुपच्या नफ्यात मिळव" असं सांगा.

देण्याची बाजू

इथे मी थोडंच विचारते, दोन कॉलमसाठी. एक, बिल तारखेपासून १८० दिवस जवळ आलेली बिलं, कारण तोपर्यंत सप्लायरला पैसे गेले नाहीत तर खरेदीवरच्या जीएसटीचं घेतलेलं इनपुट क्रेडिट उलटवावं लागतं. दोन, सूक्ष्म आणि लघु उत्पादकांची बिलं, त्यांचे पैसे द्यायची मुदत लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. कोण उत्पादक आणि कोण नुसता व्यापारी हे टॅलीच्या रिपोर्टात नसतं, उद्यम सर्टिफिकेट (अशा उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं) बघून तो कॉलम तुम्ही भरायचा. एआयला नावावरून ओळखायला सांगू नका, तो बेधडक ओळखतो. कायद्याचा अर्थ काय लागतो ते सीएला विचारायचं, एआयकडून फक्त दिवस मोजून घ्यायचे.

दर महिन्याला

सगळे प्रॉम्प्ट एका नोटपॅड फाईलमध्ये ठेवा, दर महिन्याला तारीख बदलून पेस्ट. दर महिन्याला नवीन चॅट उघडा, जुन्याच चॅटमध्ये नवी फाईल टाकली की मागच्या महिन्याचे आकडे मध्येच डोकावतात, मला एकदा एप्रिलच्या यादीत मार्चची मिटलेली पार्टी मिळाली. आणि एखादं उत्तर दर महिन्याला लागतच असेल तर एआयलाच सांगा "हेच एक्सेलमध्ये सम-इफ्सच्या फॉर्म्युल्याने कसं काढायचं ते लिहून दे". मग तो भाग कायमचा एक्सेलमध्ये जातो, फाईल बाहेर जायचीही गरज नाही. माझे उधारीचे गट आता असेच निघतात, एआयकडे फक्त ते दुसऱ्या यादीचं काम राहिलंय.

सॉफ्टवेअरमध्येच एआय बसवलेला असेल, झोहोत झिया आहे, मायक्रोसॉफ्टच्या बिझनेस सेंट्रलमध्ये कोपायलट आहे, तर एक्स्पोर्टची कटकट वाचते. पण ऑन अकाउंटची पावती तिथेही ऑन अकाउंटच असते, त्यामुळे ताळ्याचा प्रॉम्प्ट तिथेही पहिला.

शेवटी मेसेज. यादी तयार झाली की एआयकडून व्हॉट्सॲपचे मेसेज लिहून घेता येतात, पण नुसतं "मराठीत रिमाइंडर लिही" म्हटलं की "आदरणीय ग्राहक, आपणास सविनय कळविण्यात येते की" असं काहीतरी येतं, मिस्त्री लोकांना वाटेल कोर्टाची नोटीस आली. शेठ स्वतः पाठवतात तसले जुने चार मेसेज नमुना म्हणून द्या. मग असं येतं: "दादा, पाईपचं मागच्या महिन्याचं बिल राहिलंय बघा, शनिवारपर्यंत जमवा की." हे चालतं.

आणि पाठवायच्या आधी यादी प्रिंट करून शेठपुढे ठेवते, पेन देते. उजवीकडे एक रिकामा कॉलम सोडलेला असतो, "शेठचा शेरा". मागच्या खेपेला चौदा नावांपैकी पाचांवर काट मारली त्यांनी. एकापुढे लिहिलं, मुलीचं लग्न, दिवाळीनंतर. एकापुढे, भावाभावांत वाटणी चाललीय, थांब. एकापुढे नुसतं, मी जाऊन येतो.

तो कॉलम टाईप करून ठेवते, पुढच्या महिन्याच्या फाईलला जोडायला. तिसरा शेरा सोडून.